स्वयंसेवकाला पगार : डेबियनमधल्या एका वादाची उलटतपासणी

‘पैसा आला की सेवाभाव गेलाच म्हणून समजा.’ हे वाक्य आपण प्रत्येकानं कधी ना कधी ऐकलेलं असतं. गावातल्या वाचनालयाच्या बैठकीत, विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीत, सुट्टीतल्या जादा तासांच्या चर्चेत ते हमखास निघतं. आणि एकदा निघालं की चर्चा तिथेच थांबते, जणू तो गुरुत्वाकर्षणासारखा सिद्ध झालेला नियम आहे.

संगणकाच्या जगात या वाक्याचा पुरावा म्हणून एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली जाते. डेबियन नावाच्या प्रकल्पात हजारभर स्वयंसेवक गुण्यागोविंदानं काम करत होते. २००६ साली त्यांच्या निवडून आलेल्या नेत्यानं त्यांतल्या दोघांना कामाचे पैसे मिळावेत अशी व्यवस्था केली. बाकीचे दुखावले, काहींनी हात आखडता घेतला, आणि ज्या कामाच्या घाईसाठी पैसे दिले तेच काम चार महिने उशिरा पूर्ण झालं. तात्पर्य तयार! गोष्टीतला ‘गुण्यागोविंदानं’ हा शब्द सोडला तर बाकीचे तपशील खरे आहेत. तात्पर्य मात्र तपासून घ्यायला हवं, कारण लोक ते उचलून शाळांना, संस्थांना आणि सरकारी योजनांनाही लावतात.

आधी डेबियन म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. संगणकाच्या यंत्रभागांकडून काम करून घेणारा, सर्वांत आतला कार्यक्रम म्हणजे त्याचा गाभा. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिहायला घेतलेला लिनक्स हा असा गाभा आहे. पण नुसत्या गाभ्यावर कोणी पत्र लिहू शकत नाही की आलेख काढू शकत नाही. त्यासाठी इतर हजारो कार्यक्रम लागतात, ते वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले असतात आणि त्यांचं एकमेकांशी जमेलच असं नसतं. हे सगळे कार्यक्रम तपासून, जुळवून, एकत्र बांधून, कोणालाही फुकट वापरता येतील आणि बदलता येतील अशा स्वरूपात देण्याचं काम डेबियन करतं. इयन मर्डॉक या अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या विद्यार्थ्यानं ऑगस्ट १९९३ मध्ये ते सुरू केलं. डेब्रा या मैत्रिणीचं नाव आणि स्वतःचं नाव जोडून त्यानं ‘डेबियन’ हे नाव बनवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत ६९ हजारांहून अधिक पॅकेजेस, म्हणजे अशा रीतीनं बांधून दिलेले कार्यक्रम, आहेत. आपल्याकडे सी-डॅकनं तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणाली, अनेकांना ठाऊक असलेली उबुंटू, शाळांच्या प्रयोगशाळांत दिसणाऱ्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावरची प्रणाली, या सगळ्या डेबियनवरच उभ्या आहेत. तेव्हा तिथे कोण काम करतं आणि का करतं, हा प्रश्न वाटतो तितका दूरचा नाही.

डेबियनमागे कोणतीही मालक कंपनी नाही. डिसेंबर १९९८ मध्ये मंजूर झालेली एक लिखित घटना आहे. तिच्या सुरुवातीलाच एक विलक्षण कलम आहे. त्याचा आशय असा, की या घटनेमुळे कोणावरही प्रकल्पाचं कोणतंही काम करण्याचं बंधन येत नाही. सोपवलेलं काम करायचं नसेल तर ते करू नये; फक्त नियमानुसार झालेल्या निर्णयांच्या विरोधात मुद्दाम कारवाया करू नयेत. एखाद्या शाळेच्या नियमावलीत ‘शिकवलंच पाहिजे असं नाही’ हे पहिलं कलम असावं, तसाच हा प्रकार! पण स्वयंसेवकांच्या बाबतीत हे कलम म्हणजे उदारपणा नाही. ती वस्तुस्थितीची प्रामाणिक नोंद आहे. ज्याला पगार नाही त्याला काढून टाकण्याची धमकी देता येत नाही.

या मंडळींचा नेता दरवर्षी निवडला जातो. इच्छुकांनी स्वतःच आपलं नाव द्यायचं, त्यासाठी एक आठवडा. पुढचे तीन आठवडे प्रचार, म्हणजे लेखी जाहीरनामे आणि सभासदांच्या प्रश्नांना लेखी उत्तरं. मग दोन आठवडे मतदान. मतमोजणीची पद्धत मात्र आपल्या निवडणुकांपेक्षा वेगळी आहे. ती समजून घेण्यासारखी आहे, आणि वर्गातही करून पाहता येईल.

समजा, ४० मुलांच्या वर्गात वर्गप्रतिनिधी निवडायचा आहे. अ, ब आणि क हे उमेदवार आहेत. प्रत्येकानं तिघांना पसंतीक्रम द्यायचा. १६ मुलांनी अ, ब, क असा क्रम दिला. १४ जणांनी क, ब, अ असा दिला. उरलेल्या १० जणांनी ब, क, अ असा दिला. आपल्या नेहमीच्या पद्धतीत फक्त पहिली पसंती मोजतात, म्हणजे अ १६ मतांनी विजयी. आता जोड्या लावून पाहू. अ आणि ब यांच्यात कोण वर? १६ मुलांनी अ ला वर ठेवलं, २४ जणांनी ब ला. अ आणि क यांच्यातही अ हरतो, पुन्हा १६ विरुद्ध २४. ब आणि क यांच्यात ब ला २६, क ला १४. म्हणजे आपण ज्याला विजयी म्हटलं, तो दोघांपैकी कोणाशीही सरळ लढत झाली असती तर हरला असता! आणि ज्याला पहिल्या पसंतीची सर्वांत कमी मतं आहेत, तो ब दोघांनाही हरवतो. अशा सर्वांना हरवणाऱ्या उमेदवाराला निवडायचं, ही कल्पना अठराव्या शतकातल्या काँदोर्से या फ्रेंच गणितज्ञाची. कधीकधी अ ब ला हरवतो, ब क ला आणि क पुन्हा अ ला, असं दगड-कागद-कात्रीसारखं चक्र तयार होतं. ते सोडवण्याचा एक नियम डेबियननं २००३ मध्ये स्वीकारला.

मतपत्रिकेवर आणखी एक पर्याय असतो : ‘यांपैकी कोणीही नाही’. निवडणुकीच्या कामाला जाऊन आलेल्या शिक्षकांना २०१३ पासूनचा ‘नोटा’ ओळखीचा आहे. पण लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी उमेदवारांपैकी पुढे असलेलाच निवडून येतो. डेबियनमध्ये हा पर्याय खरोखर जिंकू शकतो, आणि जिंकला तर नावं मागवण्यापासून सगळं पुन्हा करावं लागतं. शिवाय कोरमही आहे. सभासदसंख्येच्या वर्गमुळाच्या निम्मं करून ते तीननं गुणायचं. १००० सभासद असतील तर वर्गमूळ सुमारे ३१.६, निम्मं १५.८, तिप्पट ४७.४. म्हणजे किमान ४८ जणांनी एखाद्याला ‘कोणीही नाही’च्या वर ठेवलं नाही, तर तो उमेदवार बाद. या व्यवस्थेत अटीतटीच्या लढतीही होतात. २००३ मध्ये मार्टिन मिशेलमायर हे तेव्हाच्या नेत्याला अवघ्या ४ मतांनी मागे टाकून निवडून आले.

इतक्या काटेकोरपणे निवडलेल्या नेत्याच्या हातात काय असतं? जवळजवळ काहीच नाही. तो कामं सोपवू शकतो, पण ज्याच्याकडे काम सोपवलं त्याचा एखादा निर्णय फिरवू शकत नाही. प्रकल्पाकडे आलेल्या देणग्यांतून प्रवास, यंत्रं, बैठका यांवरचा खर्च तो मंजूर करतो. बाहेरच्या जगात प्रकल्पाच्या वतीनं बोलतो. बाकी समजावणं, विनवणं, दोन रागावलेल्या माणसांना एकमेकांशी बोलायला लावणं. ज्यांनी एखाद्या संस्थेचं मानद सचिवपद भूषवलं आहे, त्यांना हे वर्णन वाचून हसू येईल.

आता २००६ कडे येऊ. डेबियनची जुनी दुखरी नस म्हणजे नवी आवृत्ती यायला लागणारा वेळ. जुलै २००२ मधल्या आवृत्तीनंतरची पुढची यायला जून २००५ उजाडला, जवळजवळ तीन वर्षं! त्यापुढची, ‘एच’ नावाची आवृत्ती ४ डिसेंबर २००६ रोजी काढायचं ठरलं होतं. १८ हजारांच्या आसपास पॅकेजेस, अकरा प्रकारच्या संगणकांवर चालतील अशी. हा सगळा गाडा ओढायचा रिलीज मॅनेजर मंडळींनी. कोणते दोष दुरुस्त झाल्याशिवाय आवृत्ती काढता येणार नाही, कोणतं पॅकेज गाळायचं, नवे बदल घेणं कधी बंद करायचं, हे ते ठरवतात. काम किचकट, कौतुक कमी आणि रोष जास्त, असं हे पद.

तेव्हाचे नेते अँथनी टाउन्स आणि त्यांचे काही सहकारी यांनी सप्टेंबर २००६ मध्ये ‘डंक-टँक’ नावाचा उपक्रम जाहीर केला. देणग्या गोळा करायच्या आणि दोन रिलीज मॅनेजरना प्रत्येकी ६००० डॉलर देऊन एकेक महिना पूर्णवेळ याच कामाला लावायचं. हा उपक्रम डेबियनचा अधिकृत भाग नाही, बाहेरचा एक प्रयोग आहे, असं त्यांनी स्पष्ट केलं होतं. पण तो चालवणाऱ्यांत प्रकल्पाचा नेता होता.

विरोध लगेच आणि जोरात झाला. काही जुन्या कार्यकर्त्यांनी आपलं काम कमी केलं. नेत्याला परत बोलावण्याचा ठराव मतदानाला आला आणि फेटाळला गेला. कोणीतरी ‘डंक-बँक’ नावाची विरोधी आघाडीही काढली. तिचा मार्ग गमतीदार होता. आवृत्ती अडवू शकतील असे गंभीर दोष शोधून ते नोंदवायचे, म्हणजे प्रकाशन लांबेल! निषेधासाठी लोकांनी काम थांबवलेलं आपण पाहतो. इथे निषेधासाठी जास्त काम करणारी माणसं होती, आणि सापडलेला प्रत्येक दोष शेवटी वापरणाऱ्यांच्या फायद्याचाच होता. ‘एच’ अखेर ८ एप्रिल २००७ रोजी प्रसिद्ध झाली.

या घटनेवरून ‘पैशानं सेवाभाव मरतो’ असं म्हणणारे आपल्या बाजूनं मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र उभं करतात. हा पुरावा टाकाऊ नाही. इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या १० पाळणाघरांत युरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी २० आठवडे एक प्रयोग केला. पालक मुलांना न्यायला उशिरा येत. सहा पाळणाघरांत पाचव्या आठवड्यापासून उशिरासाठी १० शेकेल दंड ठेवला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. ‘बाई आपल्यासाठी थांबतात’ ही आधीची टोचणी होती. दंड आल्यावर तो सेवेचा दर झाला. दंड काढून घेतल्यावरही उशीर पूर्वीच्या पातळीवर आला नाही.

याच दोघांचा २००० साली प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग आपल्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. शाळकरी मुलांना घरोघर देणग्या गोळा करायला पाठवलं. एका गटाला नुसतं कामाचं महत्त्व सांगितलं. दुसऱ्याला जमलेल्या रकमेच्या एक टक्का आणि तिसऱ्याला दहा टक्के मोबदला मिळणार होता. हा पैसा देणग्यांतून नव्हे, वेगळा दिला जाणार होता. सरासरीनं पहिल्या गटानं २३९ शेकेल जमवले, एक टक्केवाल्यांनी १५४ आणि दहा टक्केवाल्यांनी २१९. म्हणजे पैसा आल्यामुळे काम घटलं खरं, पण जास्त पैसे मिळणाऱ्यांनी कमी पैसे मिळणाऱ्यांपेक्षा बरंच जास्त काम केलं. सर्वांत वाईट ठरला तो क्षुल्लक मोबदला. ‘पैसा वाईट’ एवढंच सांगणारी माणसं तिसरा आकडा सहसा सांगत नाहीत.

रक्तदानाचंही तसंच. रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली ब्रिटन आणि अमेरिका यांची तुलना करून, रक्ताचे पैसे दिले की रक्तही घटतं आणि त्याचा दर्जाही, असं मांडलं. पुस्तक गाजलं. पण दोन देशांची तुलना म्हणजे प्रयोग नव्हे. त्या देशांत इतर शंभर गोष्टी वेगळ्या असतात. पुढे प्रत्यक्ष रक्तपेढ्यांत, लहानसहान भेटवस्तू किंवा एक दिवसाची रजा देऊन चाचण्या झाल्या. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा आढावा आला. बहुतेक ठिकाणी रक्तदान वाढलेलं दिसलं.

तेव्हा निसर्गनियम वगैरे काही नाही. कधी पैसा सेवाभावाला मारतो, कधी मारत नाही. प्रश्न ‘कधी’ हाच आहे.

मग डेबियनचा दाखला कशाचा पुरावा आहे? आपल्या नववीच्या विद्यार्थ्यालाही विचारा, की या प्रयोगात नियंत्रित गट कुठे आहे? पैसे दिले नसते तर ‘एच’ ४ डिसेंबरला आली असती का? आधीच्या आवृत्तीला जवळजवळ तीन वर्षं लागली होती, हिला बावीस महिने लागले. हे आकडे घेऊन कोणी ‘पैशानं काम वेगात झालं’ असंही म्हणू शकेल, आणि तेही तितकंच बिनबुडाचं ठरेल. एकाच वेळी घडलेल्या एकाच घटनेतून, तीही वादाच्या गदारोळात, कार्यकारणभाव काढता येत नाही.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. २००६ च्या आधीही डेबियनमध्ये पगारी काम होतंच. अनेक सभासदांना त्यांच्या कंपन्या किंवा विद्यापीठं या कामासाठी वेळ देत, म्हणजे व्यवहारात पगार देत. २००४ मध्ये मार्क शटलवर्थ यांनी उबुंटू काढली तेव्हा त्यांच्या कॅनॉनिकल कंपनीनं डेबियनचे काही सभासद चक्क नोकरीवर घेतले. त्यावर कुरबुर झाली, पण नेत्याला परत बोलावण्यापर्यंत कोणी गेलं नाही. लिनक्सच्या गाभ्याचं तर तीन-चतुर्थांश काम पगारी माणसं करतात, असं त्याचे अहवाल २०१२ च्या सुमारासच सांगत होते. पैसा नुसता असण्यानंच जर सेवाभाव मरत असता, तर हे सगळं केव्हाच बंद पडायला हवं होतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की २००६ चं भांडण पैशाचं नव्हतं, निवडीचं होतं. कॅनॉनिकलनं कोणाला घेतलं तो त्या कंपनीचा प्रश्न. पण इथे सगळ्यांनी मत देऊन ज्याला बसवलं, तोच माणूस ‘या दोघांचं काम पैसे देण्याइतकं मोलाचं’ असं ठरवणाऱ्यांत होता. मग दोष दुरुस्त करणाऱ्याचं, भाषांतर करणाऱ्याचं, रात्री जागून सुरक्षेचे प्रश्न सोडवणाऱ्याचं काय? ‘हा उपक्रम अधिकृत नाही’ या खुलाशानं प्रश्न सुटला नाही, उलट बिघडला. अधिकृत असता तर त्यावर चर्चा आणि मतदान करता आलं असतं. घटनेनं नेत्याला आज्ञा देण्याचा अधिकार दिला नव्हता. पैसा ही आज्ञेचीच दुसरी वाट आहे, आणि ती वाट घटनेच्या कुंपणाबाहेरून काढली गेली. सभासद चिडले ते यावर, आणि मला तो राग रास्त वाटतो. टाउन्स यांचा हेतू चांगला होता आणि निदान अचूक होतं. तरीसुद्धा.

याची उलटी बाजूही पाहता येते. जुन्या आवृत्तींना अधिक वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या पुरवण्याचं काम २०१४ पासून पगारी पद्धतीनं चालतं. फ्रेक्सियन नावाची फ्रान्समधली संस्था कंपन्यांकडून वर्गणी घेते आणि ते काम करणाऱ्या डेबियनच्या सभासदांना तासांच्या हिशोबानं पैसे देते. कोणी किती तास काय केलं याचे मासिक अहवाल उघड असतात. नेता यात कुठेच नाही. आणि काम असं, की जुन्या, कंटाळवाण्या आवृत्तीची डागडुजी करायला हौसेनं फारसं कोणी येत नाही. कोणाच्या तोंडचा घास काढला जात नाही. ही व्यवस्था दशकभराहून अधिक काळ टिकली आहे. तीच माणसं, तोच प्रकल्प, तोच पैसा. देण्याची रीत तेवढी निराळी.

तिच्यातही खोट आहेच. वर्गणी देणाऱ्या कंपन्यांना जे कार्यक्रम लागतात त्यांच्याकडे आधी लक्ष जातं. डेबियन संगणकावर बसवताना मराठी भाषा निवडता येते, ती कोणा कंपनीला सर्व्हर चालवायला लागते म्हणून नव्हे, कोणीतरी ते भाषांतर हौसेनं केलं म्हणून. मात्र त्याच पडद्यावर देवनागरी दाखवणारी ‘लोहित’ अक्षरं रेड हॅट या कंपनीनं पगारी माणसांकडून करून घेतली आणि सर्वांना खुली केली. हौस आणि पगार एकाच पडद्यावर शेजारी-शेजारी बसलेले आहेत, आणि वाचणाऱ्याला त्यांच्यातला सांधा दिसत नाही.

आपल्या भाषेत मोबदल्याला कितीतरी शब्द आहेत! मजुरी, पगार, वेतन, भत्ता, बिदागी, मानधन. प्रत्येकाबरोबर देणाऱ्या-घेणाऱ्याचं नातं ठरलेलं आहे. गवयाला बिदागी देतात, मजुरी देत नाहीत. यांतला ‘मानधन’ हा सर्वांत सुंदर आणि सर्वांत लबाड शब्द. अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या वर्षानुवर्षं कशासाठी आंदोलनं करत आहेत? त्यांना मिळतं ते मानधन, वेतन नव्हे; कारण कागदोपत्री त्या ‘मानद’ किंवा ‘स्वयंसेविका’. सेवाभावाचं कौतुक करून मोबदला नाकारायचा, ही युक्ती आपल्या व्यवस्थेला चांगली जमते. आम्ही संशोधकही यातून सुटलेलो नाही. नियतकालिकांसाठी दुसऱ्यांचे शोधनिबंध आम्ही फुकट तपासतो, आणि ती नियतकालिकं आमच्याच ग्रंथालयांना भरमसाट किमतीला विकली जातात. इथे ‘पैसा आला की सेवाभाव जातो’ हे वाक्य कोणाच्या सोयीचं आहे, ते वेगळं सांगायला नको.

डेबियनच्या नेत्याच्या बाबतीत ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. नेत्याचं पद बिनपगारी आहे. त्याच्या वेतनाबद्दल घटनेत एकही कलम नाही. काम मात्र खूप. टपालाचा ढीग, भांडणं, प्रवास, खर्चाच्या मंजुऱ्या. मार्च २०१९ मध्ये नावं देण्याचा आठवडा संपला तेव्हा एकही नाव आलेलं नव्हतं. सगळ्यांना हरवू शकणारा उमेदवार शोधून काढणारी ती सुंदर पद्धत, आणि उमेदवारच नाही! घटनेत अशा वेळी मुदतवाढीची तरतूद आहे. ती मिळाल्यावर चौघांत निवडणूक होऊन सॅम हार्टमन निवडून आले. २०२३ मध्ये पुन्हा एकच उमेदवार होता, पदावर असलेले जोनाथन कार्टर. बिनपगारी पदासाठी वर्षभर आठवड्याचे कितीतरी तास कोण काढू शकतो? ज्याचा मालक सवलत देतो तो, किंवा ज्याचं पोट दुसऱ्या कशावर तरी भरतं तो. लहान मूल घरी असलेली बाई, दोन नोकऱ्या करणारा तरुण, डॉलरच्या मानानं कमी पगाराच्या देशातला माणूस, यांना नियम अडवत नाहीत. त्यांना घड्याळ अडवतं. पद बिनपगारी ठेवल्यामुळे ते पैशाच्या प्रभावापासून मुक्त राहतं असं वाटतं. प्रत्यक्षात पैसा उमेदवारी अर्जाच्या आधीच आपलं काम करून जातो.

आणि थकव्याची किंमत फक्त थकणाराच मोजतो असं नाही. माहिती आखडून साठवण्याचं काम करणारा ‘एक्सझेड’ नावाचा एक छोटा कार्यक्रम जगभरच्या लिनक्स प्रणालींत वापरला जातो. त्याची देखभाल वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस आपल्या फावल्या वेळात करत होता. तो थकलेला होता आणि तसं त्यानं म्हटलंही होतं. मदतीला म्हणून एक जण आला, दोनेक वर्षं चोख काम करून त्यानं विश्वास मिळवला, आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. २९ मार्च २०२४ रोजी तो उघड झाला. डेबियनची चाचणीतली आवृत्ती वापरताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकावर दुरून प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असं जाणवलं, आणि त्यानं पिच्छा पुरवला. तोपर्यंत हा बदल डेबियनच्या स्थिर आवृत्तीत पोहोचला नव्हता, म्हणून निभावलं. फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टचे पगारी नोकर. थकलेला माणूस स्वयंसेवक.

मला विचाराल तर डेबियननं नेत्याच्या पदाला वेतन द्यावं, पण ते सभासदांच्या मतदानानं ठरलेलं असावं, रक्कम आधीच जाहीर असावी, आणि जो निवडून येईल त्याला मिळावं. म्हणजे पैसे कोणाला द्यायचे हे कोणी एक माणूस ठरवणार नाही, मतपत्रिका ठरवेल. यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही : पगारासाठी उभे राहणारे उमेदवार येतील. येतील. पण त्यांना ‘यांपैकी कोणीही नाही’ या पर्यायालाही हरवावं लागेल. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. वेगवेगळ्या देशांतल्या नेत्यांना एकच रक्कम द्यायची, की त्यांच्या गावच्या राहणीमानाप्रमाणे? बर्लिनमध्ये जी रक्कम जेमतेम पुरेल ती कोचीत चैनीची ठरेल. आणि कोचीच्या माणसाला कमी द्यावी, तर समान मतांच्या या मंडळात पगाराचा तक्ता मात्र जुन्या जगाचाच राहील. याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. २००६ च्या प्रत्येकी ६००० डॉलरच्या योजनेत हा प्रश्न कोणी विचारला होता का, ते पाहायचं असेल तर त्या काळातला डेबियनचा जाहीर पत्रव्यवहार, ठराव आणि मतमोजणीचे तक्ते आजही कोणालाही वाचायला उघडे आहेत. अकरावी-बारावीच्या एखाद्या चिकाटीच्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी विषय हवा असेल, तर मतमोजणीच्या तक्त्यांपासून सुरुवात करावी. बेरीज-वजाबाकीपलीकडचं गणित त्यात फारसं नाही.